मैदान चालल्याशिवाय

खिळा तुमचा होता, अध्यक्षसाहेब. टाच आमच्या लवूची होती. हार तुम्ही घालून घेतलेत, फोटोत तुम्ही घुसलात, आणि पालिकेच्या तिकिटासाठी ज्यांच्या दारात चपला झिजवत होतात, त्यांच्यापुढे पेपरातलं कात्रण नेऊन नाचवलंत. खिळ्याचं मात्र तुम्हाला आजतागायत काही ठाऊक नाही म्हणे. मग ऐका.

चारकोपच्या नव्या सेक्टरांत लवूला ओळखत नाही असं घर नव्हतं. बारीक अंगाचा, शिडशिडीत पोरगा. चढाईला निघाला की समोरचे सातही जण मागे सरकायचे. त्याला खेळवला गुणाजीकाकांनी. काका लालबागचे, संपात गिरणी गेली आणि गिरणीचा संघही गेला. इकडे येऊन त्यांनी एक रिकामा प्लॉट साफ केला, माती चाळून पसरली आणि पोरांना कबड्डी शिकवायला लागले.

काकांचा एक नेम होता. सामन्याआधी दोन्ही संघांनी अनवाणी, खांद्याला खांदा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत मैदान चालायचं. सावकाश. कुणाच्या पायाला काही टोचलं की त्याने हात वर करायचा, अख्खी रांग जागच्या जागी थांबायची. खाडीकडची भरणीची जमीन ती. शिंपले, काचा, पत्र्याचे तुकडे कालपर्यंत नसलेले आज वर यायचे. बाहेरचे संघ हसायचे. काका म्हणायचे, "हसा. पण मैदान चालल्याशिवाय हंय कोण खेळूचो नाय."

पंच्याऐंशीच्या जानेवारीत तुमच्या क्रीडा मंडळाने दर रविवारी सामने ठेवून स्पर्धा भरवली आणि उद्घाटनाला सिनेमाचा हिरो आणला. हिरो म्हणजे हिरोच. पोरी गच्चीवर, पोरं कंपाउंडवर, म्हातारे खुर्च्यांवर उभे. आता स्टेज असतं मैदानाच्या कडेला. पण अध्यक्षांना, म्हणजे तुम्हाला, सुचलं की हिरो चारी बाजूंनी दिसायला पाहिजे. म्हणून कुंडलिक मंडपवाल्याने भर मैदानात फळ्यांचा चौथरा ठोकला. हिरो त्यावर चढला, मांडीवर थाप मारली, दोन ओळी डायलॉग मारले. पब्लिक वेडं झालं. तो उतरतोय तोवर कुंडलिकची माणसं हातोडे घेऊन चौथऱ्यावर तुटून पडली, कारण पहिल्या चढाईचा फोटो हिरोसोबत व्हायचा होता आणि हिरो घड्याळ बघत होता. फळ्या उपटल्या, ओढत नेल्या.

काकांनी रांग लावायला घेतली. तेवढ्यात माइकवरून अध्यक्षांचा आवाज आला, "चालणं-बिलणं आज राहू दे! हिरोंना अंधेरीला शूटिंगला पोचायचंय. डायरेक्ट चढाई!"

"नाय!" काका ओरडले. "आत्ता थंय फळ्ये उपटल्यानी!"

आणि इथे लवू बोलला. त्याच्याच तोंडातून निघालं ते.

"राहू दे ना ओ काका एक दिवस. फोटोवाले थांबलेत."

हिरोने त्याच्या गळ्यात हात टाकला. अत्तराचा भपकारा आला. अध्यक्षही बाजूने घुसले. झकास फोटो निघाला. हिरो गाडीत बसला, धुरळा उडवत गेला, आणि लवू चढाई करून परत फिरताना उजवी टाच धरून खाली बसला तो उठलाच नाही. खिळा वाकडा होता, आत जाऊन अडकला होता.

टाच पिकली. बोरिवलीच्या इस्पितळात दोनदा कापली. त्याच आठवड्यात बँकेच्या संघाची चाचणी होती. खेळ दाखवायचा आणि कायमची नोकरी घ्यायची, अशी. लवूचं नाव तिथे वरून पहिलं होतं. चाचणी झाली, दुसरा घेतला. डॉक्टर म्हणाले, चालशील. खेळायचं विचारू नकोस.

पेपरात छापून आलं होतं, खेळाडूंमध्ये रमलेले लाडके हिरो. खिळ्याची ओळ नाही. लवूच्या आईने, शेवंतीने, तो फोटो चौकट करून गणपतीच्या शेजारी लावला. लवू जाता-येता तो भिंतीकडे फिरवून ठेवायचा. आई परत सरळ करायची.

घरात त्याला बसवेना. दहा बाय बाराच्या खोलीत लंगडत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आई म्हणायची, "रे, बस की जरा, माका चक्कर येता." मग तो बाहेर पडायचा. कुंडलिककडे गेला. कुंडलिक म्हणाला, "माझी माणसं खिळे वेचूनच जातात रे. पण हाकललं ना आम्हाला. मंडळाला विचार." मंडळात सांगितलं, मंडप कुंडलिकचा, त्याला विचार. अंधेरीला हिरोच्या ऑफिसात गेला, तर सेक्रेटरी म्हणाला, साहेब पाहुणे होते, पाहुण्याला कोण विचारतं? पेपरवाल्याकडे गेला. तो चहा पाजून म्हणाला, "दोस्त, हिरो ही बातमी आहे. खिळा ही बातमी नाही." सगळे गोड बोलले. एकानेही हाकलून दिलं नाही. निदान कुणी हाकललं असतं तर भांडता आलं असतं.

मार्चमध्ये अध्यक्ष स्वतः दारात. निवडणूक तोंडावर, तिकीट खिशात. खाटेवर बसले, फोटोकडे बघून खूश झाले. त्या दिवशी तो सरळ होता.

"लवू, अरे तू आपला पोरगा. रविवारी फायनल आहे. हिरो परत येतायत, काय? शाल-श्रीफळ तुला त्यांच्या हातून. आणि इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेटवर तुझं काम पक्कं केलंय. खुर्चीवर बसून पगार!"

"आणि मी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? दोन शब्द बोलायचे. मंडळाने मला वाऱ्यावर सोडलं नाही, बस."

"आणि खिळा?"

अध्यक्ष हसले. "एक खिळा रे! मैदान म्हटलं की लागतं-बिगतं. तू काय पोलीसचौकी उघडणार आहेस?"

"व्हय म्हण रे झिला," आई चुलीजवळून म्हणाली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"येतो," लवू म्हणाला.

रविवारी सगळं तसंच. गच्चीवर पोरी, कंपाउंडवर पोरं, भर मैदानात फळ्यांचा चौथरा. हिरो बोलला, उतरला, कुंडलिकच्या माणसांनी हातोडे चालवले, फळ्या ओढत नेल्या. हिरो कडेच्या खुर्चीत जाऊन बसला, मांडीवर शाल तयार. अध्यक्षांनी माइक घेतला, "आता आपला लाडका खेळाडू लवू..."

लवू उठला आणि खुर्च्यांकडे गेलाच नाही. मैदानाच्या टोकाला जाऊन त्याने चपला काढल्या आणि चालायला लागला. सावकाश. डावा पाय पूर्ण, उजव्याची फक्त बोटं. लोकांना वाटलं पोरगं चुकलं. कुणीतरी ओरडलं, "ए लवू, हिरो इकडे आहे!" हशा पिकला.

मग गुणाजीकाका उठले. वहाणा काढून त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मग चारकोपचा संघ. मग फायनलला समोर असलेल्या मालाडच्या संघाचा कर्णधार आपल्या पोरांना म्हणाला, "चला रे, आपल्यालाच पडायचंय त्या मातीत." रांग इकडून तिकडे लांबली. हशा थांबला होता. हिरोने घड्याळ बघितलं. अध्यक्ष माइकमध्ये म्हणत होते, "लवू, वेळ होतोय, लवू, इकडे ये."

चौथरा होता तिथे पोचल्यावर एकाने हात वर केला. मग दुसऱ्याने. मग मालाडच्या पोराने. रांग थांबली.

लवू तिथून सरळ अध्यक्षांकडे गेला आणि त्यांच्या हातातून माइक घेतला. हिरो शाल उघडून उभा राहिला होता. लवूने शालीकडे बघितलं नाही. त्याला आई दिसली, बायकांच्या रांगेत, पदर तोंडात धरलेली. डोळ्यांपुढे इस्टेटच्या गेटवरची खुर्ची आली.

"त्या दिवशी मैदान चालू नका असं मी पण म्हणालो होतो," तो म्हणाला. "फोटोसाठी. काका ओरडत होते, मी त्यांना गप्प केलं. माझं मी सगळ्यांसमोर सांगितलं."

त्याने माइक परत अध्यक्षांच्या तोंडासमोर धरला.

"आता तुमचं सांगा. त्या दिवशी माइकवर कोण बोललं होतं?"

लवूने माइक आणखी पुढे नेला.

"मी थांबलोय. बोला, कोण?"