निमजे सरांची हरलेली फायनल

निमजे सर गेल्याची बातमी चैतालीला खराडीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, ताटातली भाजी निवत असताना कळली. कॉलेजच्या जुन्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि सकाळचे सुविचार यायचे. त्या दुपारी समाधानचा मेसेज आला, 'आपले फुटबॉलचे निमजे सर काल झोपेतच गेले.' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

ती रांग संपायच्या आत वाद सुरू झाला. कुणीतरी लिहिलं, 'माणूस देव होता. फक्त ती फायनल सोडली तर.' आणि मग सगळे त्या फायनलवरच आले.

चैतालीने ताट बाजूला सारलं आणि अंगठे दुखेपर्यंत लिहिलं. सर कसे बरोबर होते, कप येतात आणि जातात, पोराच्या डोक्यापेक्षा कप मोठा नसतो, वगैरे. भराभर बदाम आले. तिने बदाम देणाऱ्यांची नावं खालपासून वरपर्यंत पाहिली. नम्रताचं त्यात नव्हतं. नम्रता ग्रुपवर होती, मेसेज वाचतही होती, पण तिने तिथे आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

बद्रीनाथ निमजे मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे. तिकडे गल्लीगल्लीत फुटबॉल. पुण्यात ते कॉलेजात नोकरीसाठी आले आणि ज्यांना दुसऱ्या कुठल्याच खेळाच्या संघात जागा नव्हती त्या पोरांना गोळा करून त्यांनी टीम उभी केली. मैदानावर ते खेळाडूंना 'पोट्टेहो' म्हणून हाक मारायचे. पेठेतली मुलं त्यांची नक्कल करून हसायची. यवतमाळहून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी चैताली मात्र पहिल्यांदा ती हाक ऐकून सिमेंटच्या पायऱ्यांवर थबकली होती. तीन महिन्यांत तिच्या भाषेत कुणी बोललंच नव्हतं. ती तिथेच बसली आणि मॅच संपेपर्यंत उठली नाही.

शेजारी एक मुलगी दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या वाजवत होती. तीच नम्रता. तिचा धाकटा भाऊ शुभंकर पुढच्या वर्षी कॉलेजात आला आणि गोलकीपर झाला. तोवर या दोघींना सगळं मैदान ओळखायला लागलं होतं. पायऱ्यांवर मुली म्हणून त्या दोघीच. नम्रताच्या लूनावरून दोघी प्रत्येक मॅचला जायच्या, चढावर मागची उतरून ढकलायची. चैताली जोरात ओरडायची, 'मागं पाह्य बे!' आणि नम्रता तिला म्हणायची, "अगं, रेफरीला तरी अरे-तुरे करू नकोस." हरलं तरी जिंकलं तरी परतताना भेळ ठरलेली. घरी पत्र लिहिताना चैताली नम्रताबद्दल इतकं लिहायची की आईने एकदा कळवलं होतं, अभ्यासाचंही काही लिही.

मग ती फायनल आली. नदीपलीकडच्या कॉलेजशी. कॉलेज त्याआधी कधी फायनलला पोचलं नव्हतं, नंतरही पोचलं नाही. समाधानने गोल मारला आणि कॉलेज एक-शून्यने पुढे गेलं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली असताना शुभंकर पुढे झेपावला, समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला, उठला, हात झटकले, 'मी ठीक आहे' म्हणाला. पंच म्हणाले, खेळू द्या. डॉक्टर असलेले एक पालक धावत आले, त्यांनीही मान डोलावली.

सरांनी त्याच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला. थोडा वेळ पाहिलं. आणि म्हणाले, "बाहेर चल."

राखीव गोलकीपर तापाने घरी होता. सरांनी समाधानला हातमोजे घालायला लावले. ज्याने आयुष्यात कधी चेंडू हाताने अडवला नव्हता त्याच्यावर दोन गोल झाले. शुभंकर बाकावर बसून टॉवेल दाताने चावत होता. राज्याच्या संघाची निवड करणारे दोघे त्या दिवशी त्यालाच पाहायला आले होते. ते मॅच संपायच्या आधी निघून गेले.

संध्याकाळी नम्रताच्या घराच्या जिन्यात दोघी बसल्या होत्या.

"सरांनी माझ्या भावाचं वाटोळं केलं," नम्रता म्हणाली.

"सरांनी त्याला वाचवलं, नमू."

"कशापासून? आत बसून पोळी खातोय तो! चौथी पोळी!"

"आज खातोय. काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना?"

"ते आत्ता कळतंय. तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"तुझा भाऊ असता तर कळलं असतं तुला," नम्रता म्हणाली आणि आत गेली.

एवढंच झालं. आरडाओरडा झाला नाही, शिव्याशाप नाहीत. चैतालीला वाटलं, ती येईल दोन दिवसांनी. नम्रतालाही तसंच वाटलं असणार. मग परीक्षा आल्या. मग शुभंकरने खेळ सोडल्याचं कळलं, तेव्हा तर जिना चढण्याचं धाडसच उरलं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. दोघी राहिल्या याच शहरात. चैताली या टोकाला खराडीत, नम्रता त्या टोकाला कात्रजला, असं कुणाकुणाकडून कळायचं. रस्त्यात शिट्टी ऐकली की चैताली अजून वळून पाहायची. शिट्टी बहुधा सिग्नलवरच्या पोलिसाची असायची.

सरांच्या आठवणींची सभा सदाशिव पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी ठेवली होती. चैताली वेळेच्या आधी पोचली आणि दाराकडे तोंड करून बसली. सरांसाठी आले आहे, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. ते खरं होतं. पण साडी नेसताना तिने तीनदा बदलली ती काही सरांसाठी नव्हती.

फोटोला हार घातला. दोघा-तिघांनी गहिवरून भाषणं केली. मग मागच्या रांगेतले एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले.

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण हिशोब तर मांडावा लागेल. सोळा वर्षं प्रशिक्षक. एक फायनल. तीही हातातली घालवली. मैदानाला त्यांचं नाव द्यायचं, भिंतीवर पाटी लावायची म्हणताय, कशासाठी?"

"त्यांनी माणसं घडवली," पुढून कुणीतरी म्हणालं.

"छान. मग पाटीवर तसं लिहा. 'येथील सर्व खेळाडू सुखरूप घरी पोचले.'"

हॉल हसला. चैताली उठली. ग्रुपवर लिहिलेलंच सगळं तिने पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. टाळ्या पडल्या. ती बसली तेव्हा दार तसंच रिकामं होतं.

शेवटी समाधान बोलला. आता त्याचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. "मला अजून लोक विचारतात, दुसरा गोल तुझ्या पायांमधून कसा गेला. मी सांगतो, मोठा होता हो पायांमधला रस्ता." लोक हसले. तो हसला नाही. "सर बरोबर होते का, मला नाही माहीत. रात्री झोपताना कधी वाटतं होते, कधी वाटतं नव्हते. पण मॅचनंतर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, आज तुझ्यावर मी लई ओझं टाकलं रे पोट्ट्या. माझ्या बापाने मला असं कधी म्हटलं नव्हतं."

चहाच्या वेळी चैतालीने त्याला गाठलं. हवं ते विचारण्याआधी तिने त्याच्या मुलांची, तब्येतीची, नोकरीची चौकशी केली.

"नम्रता नाही आली?"

"ती कशाला येईल सभेला? ती सरांच्या घरी, वहिनींपाशी असेल," समाधान म्हणाला. "तुला माहीत नाही? सर कात्रजला राहायचे ना, तिच्या पलीकडच्या सोसायटीत. चार-पाच वर्षं झाली, दर रविवारी ही त्यांच्याकडे असायची. शेवटच्या वर्षी हॉस्पिटलचं येणंजाणं सगळं तिनेच पाहिलं. तू कधी गेली होतीस?"

चैतालीने मान हलवली. सर कात्रजला राहतात हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती ज्यांची बाजू घेऊन भांडत होती, त्यांच्या घरचा चहा ती एकदाही प्यायली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. समाधानकडून पत्ता घेऊन ती कात्रजला गेली. दुसरा मजला, दारावर 'ब. ना. निमजे'. दार गोदाबाईंनी, सरांच्या पत्नीने उघडलं. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची बाई.

"मी चैताली. सरांच्या वेळची. यवतमाळची."

"ये ना वो बाई. काहून दारात उभी?"

आतून आवाज आला, "पत्ता सापडला वाटतं."

नम्रता गॅलरीतल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. चष्मा आला होता, केस आखूड झाले होते. बाकी आवाज तोच, कोरडा. चैतालीला रडू येईल असं वाटलं म्हणून तिने घाईने विचारलं, "शुभंकर कसा आहे?"

"बेंगळुरूला. मजेत. दोन मुलं आहेत. फुटबॉल बघत नाही." नम्रताने टॉवेलची घडी घातली. "ग्रुपवरचं तुझं भाषण वाचलं. लांब होतं."

"तुला पटलं नसेल."

"नाही पटलं. मी त्यांना माफबिफ काही केलेलं नाही, चैताली. त्यांना तोंडावर सांगितलं होतं. दुधाच्या काउंटरवर वहिनी भेटल्या, त्यांची पिशवी घेऊन वर आले, तेव्हा पहिलं वाक्य मी तेच बोलले. तर म्हणाले, नको करू माफ, पण चहा पिऊन जा. मग दर रविवारी भांडायला यायचे मी. इथे बसून खाली मुलांचा खेळ बघायचो आणि भांडायचो."

"का काढलं होतं त्याला बाहेर? सांगितलं कधी?"

"म्हणायचे, त्याचे डोळे मले बरोबर वाटले नाहीत. बस. दर वेळी तेवढंच." तिने दोरीवरचा पुढचा टॉवेल ओढला. "आणि दर वेळी विचारायचे, ती यवतमाळची पोरगी काय करते? मागं पाह्य बे ओरडायची ती? मी म्हणायचे, माहीत नाही. पुढच्या रविवारी परत तोच प्रश्न. इतक्या वेळा 'माहीत नाही' म्हणायला लावलं मला त्या माणसाने."

खालच्या मैदानातून मुलांचा गलका येत होता. ज्या रविवारी ती घरी बसून कपाटं आवरत होती, मॉलमध्ये हिंडत होती, त्या प्रत्येक रविवारी या गॅलरीत तिची आठवण निघत होती. तिला इथे एक जागा होती आणि ती इतकी वर्षं रिकामी होती.

"तू फोन का नाही केलास, नमू?"

"तू का नाही केलास?"

गोदाबाईंनी चहा आणला, तो दोघींनी उभ्यानेच प्यायला. मग नम्रता पर्स उचलून निघाली. सासूबाईंना औषध द्यायचं होतं. दारात चप्पल घालता घालता तिने चैतालीचा नंबर विचारला, फोनमध्ये घातला, आणि 'बरं' म्हणून जिना उतरून गेली.

आठवडाभर फोन आला नाही. चैतालीने मीटिंगमध्येही फोन उलटा ठेवला नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा कात्रजला गेली. नम्रता नव्हती.

"नमू भावाकडे गेली बेंगळुरूले. पंधरा दिवस," गोदाबाई म्हणाल्या. चैतालीचा चेहरा पाहून त्यांनी तिचा दंड धरला आणि गॅलरीत नेऊन बसवलं. "मले सांगून गेली, ती आली तर तिले जाऊ देऊ नको, मी येईपर्यंत येत राह्य म्हणाव. फोन करायले तिले लाज वाटते. लहानपणापासून तशीच हाय म्हणे."

चैताली हसली आणि हसताना तिचे डोळे भरून आले. गोदाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या खाली मैदानाकडे पाहत होत्या. तिथे दहा-बारा मुलं चेंडूमागे पळत होती.

"जन्मभर या खेळापायी घरी उशिरा आले हे," त्या म्हणाल्या. "आता आवाज आला की वाटते, खालीच असतील. पण मले यातलं काही समजत नाही बाई. यांनी कधी सांगतलं नाही, म्या कधी विचारलं नाही. तो पोट्टा हात वर करून काहून उभा हाय?"

चैतालीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तो ऑफसाइड मागतोय, वहिनी," ती म्हणाली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.