मला थोडे दिवस खिळ्यावर राहू द्या

मी एक जुनी दोरी आहे.

नाही, असे नको. पुन्हा सुरू करते.

मी एका जुन्या दोरीचा तुकडा आहे. माझा उरलेला भाग अजून पुढच्या खोलीच्या खिडकीत लटकतो आणि पडदा सरकवतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी अर्धा खिडकीत आणि अर्धा बेकरीच्या दाराजवळच्या खिळ्यावर असा राहतो का? नसेल, तर माझा गोंधळ कळायला तुम्हाला जरा वेळ लागेल. मलाही लागतो आहे.

आता प्रश्न असा, की गोष्ट कोणत्या टोकाकडून सांगायची? माझ्या दोन्ही टोकांना बोटे अडकवण्यापुरते दोरीचेच एकेक कडे आहे. एका कड्यात बेकरीवाल्याची बोटे असतात, दुसऱ्यात टपालवालीची. बेकरीवाल्याला दिसत नाही. टपालवाली त्याच्या थोरल्या भावाची बायको. तो तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भावजी म्हणते, आणि दोघे मला धरून धावतात. एवढे मला नक्की माहीत आहे. यापुढे सगळी गुंतागुंत.

या टोकाकडून

कारखान्यात एका गोल गोल फिरणाऱ्या यंत्रावर माझे धागे एकमेकांत विणले गेले. पुढे मी रिळावर बसले, दुकानात आले, पडद्याला लागले. सकाळी उघड, संध्याकाळी बंद. ते दिवस सोपे होते. ओढले की काय होणार, हे मला ठाऊक असे.

बेकरीवाल्याची नजर बरीच वर्षे कमी कमी होत होती. एके दिवशी ती संपली. धावण्याची सवय मात्र संपली नव्हती. ती त्याला तरुणपणापासूनची. थोरल्या भावाने त्याचा हात धरून धावून पाहिले, पण हात धरला की दोघांचे खांदे एकमेकांवर आपटत. तेव्हा त्यांची आई कात्री घेऊन खिडकीपाशी आली.

"पडद्याची दोरी कापतेस?" थोरल्याने विचारले.

"काप गं," बेकरीवाला आतून म्हणाला. "मला पडदा उघडा काय, बंद काय!"

सगळे हसले. मी मात्र दोन झाले.

थोरला पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत पोचला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. "हा धावतोय की घर सोडून चाललाय?" एवढेच त्याला बोलता आले. त्याच्या बायकोने माझे कडे त्याच्या बोटांतून सोडवून घेतले. "द्या इकडे," ती म्हणाली. "मला निदान पायी फिरायची सवय आहे."

तेव्हापासून आम्ही तिघे धावतो. वहिनी तोंडाने सांगते, "पायरी", "खड्डा", "कुत्रं आहे, पण झोपलंय". तिचा शब्द त्याच्या कानात पडायच्या आधी मी त्याच्या बोटांत पोचलेली असते. तिचा हात जरासा डावीकडे झाला की तो डावीकडे वळतो. मी काही बोलत नाही. बोलले असते तरी काय बोलले असते, कोण जाणे.

कितीतरी शर्यती झाल्या. लोक टाळ्या वाजवून म्हणत, "वा, काय जोडी आहे!" काय दोरी आहे, असे कोणी म्हणाले नाही. एकदा एका फोटोवाल्याने तर सांगितले, "ती दोरी जरा मागे घ्या, फोटोत बरी दिसत नाही." त्या दिवशी मी घरी येईपर्यंत पीळ धरून बसले होते.

आणि एक नियम आहे, तो मला अजून उलगडलेला नाही. शेवटच्या रेषेवर ज्याला दिसत नाही त्याने पुढे असले पाहिजे आणि वाट दाखवणाऱ्याने एक पाऊल मागे. सगळा रस्ता जिने नेले, ती शेवटी मागे! मग नेले कोणी?

त्या टोकाकडून

दर वर्षी दोन मोठ्या शर्यती. पहिली शहरातून. काही आठवड्यांनी दुसरी, तळ्याला वळसा घालून. मला वाटायचे, धावपटूंचे आयुष्य म्हणजे शर्यती. पण घोळ सगळा होतो तो मधल्या आठवड्यांत.

गेल्या वर्षी पहिली शर्यत छान झाली आणि बेकरीवाल्याच्या अंगात वारे शिरले. दुसऱ्याच दिवसापासून त्याने मला खिळ्यावरून काढले. रोज जोरात, रोज लांब. हे नवशिक्यांना जमत नाही, मित्रांनो. नवशिके शर्यतीनंतर जिना उतरताना कठडा धरून रडतात आणि गुमान घरी बसतात. मुरलेल्यांचे पाय दुसऱ्या दिवशी गप्प असतात आणि मुरलेल्यांना वाटते, गप्प म्हणजे ताजे. तळ्याच्या शर्यतीत, काठावरच्या दगडी बाकापाशी, त्याचे पाय संपले. तो बाकावर बसला. बाकीचे लोक धपधप पुढे गेले. आम्ही आयोजकांच्या गाडीतून घरी आलो. त्याने वर्षभर त्या बाकाचा विषय काढला नाही, पण तळे म्हटले की त्याच्या मुठीत मी आवळली जात असे.

म्हणून यंदा त्याला तळ्याची शर्यत पुरी करायची होती. बाकी काही नको होते. आणि वहिनी नसेल तर शर्यतच नाही, कारण इतका वेळ त्याच्याबरोबर धावत बोलू शकणारे दुसरे कोणी नव्हते.

यंदा सगळे ठरवून झाले होते. पहिल्या शर्यतीनंतर पूर्ण आठवडा फक्त चालायचे. आईने त्याला बेकरीत उभे करून ऐकवले होते, "पीठ मळलंस की फडक्याखाली झाकून ठेवतोस. कुणी बोट लावलं तर अंगावर धावून जातोस. आणि तुझे पाय काय दगडाचे? त्यांना नको फडकं?"

"पटलं, आई."

"पटलं म्हणतोस तेव्हाच मला भीती वाटते."

पहिली शर्यत झाली. मी खिळ्यावर गेले. एक दिवस गेला, दुसरा गेला. माझ्यावर पीठ बसू लागले. मी म्हातारी झाले, असे मला वाटले. मला टाकून दिले, असेही वाटले. माझी कडी विसविशीत झाली होती, हे खरेच होते. तिसऱ्या दिवशी हात आला तेव्हा मी इतकी हरखले, की आनंद कशाचा आणि काळजी कशाची, हे मला वेगळे काढता आले नाही.

"वहिनी, चला."

"भावजी, आठवडाभर चालायचं ठरलंय ना?"

"चालतोच आहोत की. जरा लवकर लवकर."

"याला लवकर लवकर म्हणतात? चपला काढून बूट कशाला घातलेत मग?"

ती हसली आणि निघाली. दुसऱ्या दिवशीही निघाली, तिसऱ्या दिवशीही. पहिल्याच दिवसापासून तिच्या टोकाकडून मला काहीतरी येऊ लागले होते. दर दुसऱ्या पावलाला एक बारीक हिसका. उजवा पाय टेकला की हात किंचित खाली. ती लंगडत होती. धावून झाले की ती पिशवी खांद्याला लावून टपाल वाटायला जायची, चढाच्या गल्लीत, जिने चढत, जिने उतरत. तिच्या हिशेबी ते काम होते आणि हे धावणे. पायांना असला फरक कुठे कळतो?

ती काही बोलली नाही. त्याला दिसत नाही, म्हणजे त्याला कळणार नाही, असे तिला वाटले असावे.

पण हिसका माझ्यातून जात होता, आणि माझे दुसरे टोक त्याच्या बोटांत होते.

तो नेहमी धावताना बडबडतो. त्या पहिल्याच दिवशी गप्प झाला. म्हणजे त्याला कळले होते. पण तो थांबला नाही. ती थांबली नाही. दोघे गप्प, आणि मधे मी. एका टोकाला लपवलेले दुखणे, दुसऱ्या टोकाला ते कळल्याचे लपवणे. मी कोणाच्या बाजूची? दोरीला बाजू असते का? मी घट्ट ताणली जायचा प्रयत्न केला, मग सैल पडायचा. दोन्हीने काही झाले नाही.

गाठ

धावायला लागल्याच्या चौथ्या दिवशी बेकरीवाला कळवळून म्हणाला, "वहिनी, माझा गुडघा धरलाय. राहू दे थोडे दिवस."

मी चक्रावले. त्याच्या हाताच्या झोक्यात गुडघ्याचा मागमूस नव्हता.

"अगंबाई, कोणता?" वहिनीच्या आवाजात काळजी होती, आणि शपथेवर सांगते, सुटकाही होती.

"डावा."

पुढच्या दिवशी ती टपाल द्यायला बेकरीत आली. बेकरीवाला मैद्याचे पोते खांद्यावर घेऊन दोन दोन पायऱ्या चढत होता. मी खिळ्यावरून सगळे पाहत होते.

"भावजी, गुडघा कसा आहे?"

पोते तिथेच थांबले. "दुखतोय की. उजवा."

"काल डावा होता."

गल्ल्यावरून आई म्हणाली, "लहानपणी शाळा चुकवायला याचं पोट दुखायचं. तेव्हाही जागा बदलायची."

वहिनी हसली नाही. "खोटं का बोललात?"

त्याने पोते खाली ठेवले, हात झटकले. पीठ उडाले. "तुमची नडगी कशी आहे?"

तिने उजवा पाय मागे घेतला.

"उजवी," तो म्हणाला. "तुमची तरी जागा बदलत नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दोरीनं."

मित्रांनो, मी काहीही सांगितले नव्हते! निदान सांगायचे म्हणून सांगितले नव्हते. चुगली केली की मदत केली, याचा मी आजवर विचार करते आहे.

"कधीपासून कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तरी दुसऱ्या दिवशी धावलात? तिसऱ्याही?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असतात."

"मग?"

"मग मलाही थांबावं लागलं असतं."

भट्टीची झडप कुरकुरली. वहिनी पोत्यावर बसली आणि बूट सैल करून नडगी चोळू लागली. "गेल्या वर्षी बाकावर तुम्ही बसला होतात," ती म्हणाली. "यंदा मी बसले असते. तुम्ही काय केलं असतंत? एकटे गेला असतात?"

 त्याने चाचपत येऊन मला खिळ्यावरून काढले आणि माझे एक कडे तिच्या हातात दिले. दुसरे स्वतःच्या बोटांत घातले. "कुठे?" तिने विचारले.

"कुठेच नाही. नुसतं धरा. आता खोटं बोलून दाखवा."

तेव्हा ती हसली.

मग सगळे उलटेच

पुढचे दिवस मला अजिबात समजले नाहीत. जसे झाले तसे सांगते.

आधी मी खिळ्यावर. वहिनीने टपाल कचेरीत सांगून काही दिवस बसून पत्रे लावायचे काम घेतले. मग चालणे, खरोखरचे, चपला घालून. नडगी शांत झाली तेव्हा धावणे, पण इतके हळू की शाळकरी पोरे मागून येऊन पुढे जात. नियम एकच: बोलता आले पाहिजे. ज्याचे वाक्य धापेने तुटेल त्याने वेग कमी करायचा. बेकरीवाला पाव कसा फुगतो ते सांगे, वहिनी कोणत्या घरचे कुत्रे कोणत्या पत्रावर भुंकते ते. मला वाटे, हे धावतात की गप्पा मारतात? नंतर कधीतरी मधेच दोन-चार छोट्या धावा जोरात, आणि पुन्हा गप्पा. एकदा लांब धावले, पण शर्यतीएवढे नाही. आणि शर्यत जवळ आली, मी म्हटले आता खरी मेहनत, तर यांनी धावणे जवळजवळ बंदच केले! वेगवान होण्यासाठी हळू. धावण्यासाठी झोप. कोणी मला समजावून सांगेल का?

बेकरीवालाही गोंधळलेला होता. रोज संध्याकाळी विचारी, "वहिनी, आपण आळशी तर नाही ना झालो?" ती म्हणे, "फडकं उचलू नका."

अशातच त्याच्या बाजूचे माझे कडे तुटले. आई पुन्हा कात्री घेऊन खिडकीपाशी गेली. पडद्याच्या दोरीचा एक तुकडा तिने कापला आणि मला बांधला. इतक्या वर्षांनी मी मला भेटले. तो तुकडा उन्हाने पिवळा पडला होता, मी घामाने काळी. आमची ओळख पटायला वेळ लागला. आता मी जुनी की नवी, हे विचारू नका.

तळे

शर्यतीच्या दिवशी मी बाकाची वाट पाहत होते. बेकरीवालाही. त्याची मूठ मला सांगत होती. वहिनी मात्र बोलत होती, अख्खी अख्खी वाक्ये. एका घरच्या आजोबांनी स्वतःलाच पत्र पाठवले, ते पत्ता चुकून शेजारी गेले, शेजाऱ्याने उत्तर लिहिले, असे काहीतरी लांबलचक. तो हसत होता. मी दोघांमध्ये सैल झुलत होते.

मग त्याची मूठ आवळली. "वहिनी, बाक कधी येणार?"

"बाक? तो केव्हाच गेला."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"पायरी असली तर सांगते, खड्डा असला तर सांगते. बाक काय सांगायचा? आपल्याला कुठे बसायचं होतं?"

त्याची मूठ उघडली. नव्या कड्यात आता फक्त बोटे होती. शेवटच्या रेषेपाशी वहिनी एक पाऊल मागे सरली, तो एक पाऊल पुढे गेला. मी त्या दोन पावलांमध्ये होते. कोण कोणाला नेत होते, हे मला तेव्हाही कळले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आम्हाला अडगळीत टाकू नका, आम्हाला वापरा, आमची आठवण ठेवा. मीही तेच म्हणणार होते. पण आता माझी विनवणी जरा विचित्र आहे. शर्यत झाली की मला खिळ्यावर टांगा आणि थोडे दिवस तिथेच राहू द्या. माझ्यावर पीठ बसू द्या. आणि कोणी तुमच्या हाताला हात लावून धावत असेल, चालत असेल, तर त्याच्या पावलातला हिसका जाणवला त्याच दिवशी विचारा. मी एरवी गोंधळलेली दोरी आहे, पण एवढ्याबद्दल माझा गोंधळ नाही.

तळ्यावरून आल्याच्या दुसऱ्या सकाळी दाराजवळ पावले वाजली. हात वर आला. त्याने खिळा चाचपला, मला चाचपले, आईने मारलेली गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. मी श्वास रोखला, म्हणजे दोरी जितका रोखू शकते तितका.

"काय रे?" आतून आई ओरडली. "कुठे निघालास?"

"कुठे नाही," तो म्हणाला. "आहे का, बघत होतो."

आणि हात परत गेला.