आरशाच्या तळ्यातला लाकडी मासा

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे, पण मला कोणी तळून खाऊ शकत नाही. मी लाकडाचा आहे. बंगलोरच्या मल्लेश्वरममध्ये सुब्बारावांच्या घरातल्या काचेच्या कपाटात, एका चिनीमातीच्या बदकाशेजारी मी राहतो. बदक काही बोलत नाही, म्हणून माझी हकीकत तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला हलक्या लाकडातून कोरले, पाठ हिरवी आणि पोट पांढरे रंगवले, तोंडाशी वाटीसारखा खोलगटपणा ठेवला. पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ टांगले. पाण्यावर तरंगायचे, तंगूस, म्हणजे मला बांधलेला धागा, जरा ओढला की 'गुळूक' असा आवाज करायचा आणि वर कोणी जीव धडपडतो आहे असे खालच्या माशाला भासवायचे, हे माझे काम. फसवणुकीचेच काम ते, पण मी ते झकास करायचो.

मला विकत घेतले सुब्बारावांच्या मुलाने, पवनकुमारने. संगणकाच्या नोकरीसाठी तो त्या देशात गेला होता. तिथल्या तळ्यांत बास नावाचा दांडगा मासा असतो. उन्हाळ्यात तो पाण्याबाहेर झेप घेतो, पण थंडी पडली की सुस्तावतो. मग तिथले लोक माझ्यासारख्या तरंगणाऱ्यांना डबीत बंद करतात आणि तळाशी बुडणारी आमिषे काढतात. पवनकुमारलाही सगळ्यांनी तसेच सांगितले. पण तो कसला ऐकतो.

हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी, जिथे थोडे ऊन आले होते त्या उथळ काठाशी त्याने मला फेकले. पाण्यावर वर्तुळे उमटली, पसरली, विरून गेली. तरी त्याने तंगूस ओढला नाही. त्याची बोटे गारठून लाल झाली होती आणि तो स्वतःशीच पुटपुटत होता, "स्वल्प तडी, स्वल्प तडी." ही कुठली भाषा, मला कळेना. बऱ्याच वेळाने त्याने मला जेमतेम हलवले आणि पुन्हा तसेच राहू दिले. थंड पाण्यातल्या माशाला मन ठरवायला वेळ लागतो, तो त्याला द्यावा लागतो. आणि मग माझ्याखालचे पाणी फुगले आणि बासने मला तोंडात घेतले.

त्या क्षणाची सर कशालाच नाही. पवनकुमारने मासा हळूच परत पाण्यात सोडला आणि वळून पाहिले. सांगायला शेजारी कोणीच नव्हते. तो काठावर नुसता बसून राहिला.

पुढे बंगलोरला निघालेल्या एका मित्राबरोबर त्याने मला इकडे पाठवले आणि फोनवर वडिलांना म्हणाला, "अप्पा, तुम्ही शिकवलंत तसंच केलं. डिसेंबरात मी येतो. आपण दोघं होसकोटेच्या तळ्यावर जाऊ. तोवर ह्याला पाण्यात टाकू नका."

"सरी, बरं," सुब्बाराव म्हणाले. फोन ठेवल्यावर ते आपल्या बायकोला, सुनंदाबाईंना, कौतुकाने सांगू लागले, "लहानपणी तळ्यावर किती घाई करायचा. मी आपलं म्हणत राहायचो, स्वल्प तडी, जरा थांब." तेव्हा कुठे मला त्या शब्दांचा अर्थ लागला.

डिसेंबर आला, पवनकुमार आला नाही. त्याला सुटी मिळाली नाही. पुढच्या वर्षी व्हिसाचे काहीतरी अडले. सुब्बाराव विजेच्या सामानाचे दुकान बंद करून घरी आले की कधीकधी मला हातात घेत, गंज चढू नये म्हणून गळांना तेल लावत आणि परत कपाटात ठेवत.

"अहो, एकदा जाऊन या की तळ्यावर," सुनंदाबाई म्हणायच्या.

"पवन आल्यावर," ते म्हणायचे.

मी मात्र आतून वाळत चाललो होतो. मित्रांनो, तरंगायला जन्मलेल्याला लाकडी फळीवर ठेवले, तर त्याला कसे वाटत असेल?

मग एका नवरात्रात सुनंदाबाईंनी घरात गोंबे मांडले, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्यांची आरास केली. पायथ्याशी नाचणी पेरून हिरवे रान उगवले आणि मधोमध आरसा ठेवून तळे केले. तळ्यात मासा हवा, म्हणून माझी आठवण झाली. गल्लीतली मुले येऊन सगळ्याला हात लावणार, त्यांच्या बोटांत गळ घुसू नयेत म्हणून त्यांनी पक्कड घेतली आणि माझे दोन्ही गळ तोडून टाकले. आया-बाया कौतुक करत होत्या. मी आरशावर पडून खाली माझेच पोट बघत होतो. ना ओल, ना वर्तुळ.

दुकानातून आल्यावर सुब्बारावांनी मला पाहिले. ते तसेच हातपाय धुवायला निघून गेले. त्यांचा चेहरा बघून सुनंदाबाईंना आपले काय चुकले ते कळले.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात पवनकुमार खरोखर आला. चार नातेवाइकांकडे जेवणे, बँकेची कामे, ह्यांतच त्याची सुटी सरली. तळ्यासाठी उरली ती जाण्याच्या दिवशीची सकाळ. सुब्बारावांनी मला त्याच्या हाती दिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"मीच तोडले रे गळ," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता दुसरे कुठं मिळायचे?"

पवनकुमारने मला उलटेसुलटे करून पाहिले. "असू दे, अम्मा. तसंच जाऊ."

होसकोटेच्या तळ्यावर गार वारा होता. दोघांनी मफलर गुंडाळले होते. सुब्बारावांनी मला फेकले आणि कितीतरी वर्षांनी मी पाण्याला टेकलो. मला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो. वर्तुळे पसरत होती, पण सुब्बारावांना आज धीर नव्हता. दुपारी मुलगा जाणार होता. ते भराभर तंगूस ओढायला लागले, तेव्हा पवनकुमारने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अप्पा, स्वल्प तडी."

ते थांबले. पाणी स्तब्ध झाले, मीही. मग खालून एक मोठी मरळ आली आणि तिने मला कचकन धरले. काठी वाकली. तिने मला दोनदा झटकले, आणि गळच नव्हते तर काय, सोडून निघून गेली. बापलेक एकमेकांकडे बघून इतके हसले की सुब्बारावांना डोळे पुसावे लागले.

पवनकुमारला निरोप देऊन विमानतळावरून परत आल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "होसकोटेत चौकशी करू या का गळांची? परत बसवून घेऊ."

"नको," सुब्बाराव म्हणाले. "गळ नसतानाही आली ना ती? पुन्हा येईल. आपण थांबायचं."

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटातही एखादी वस्तू कोणाची वाट बघत असेल. तिला जपा, पण नुसती पुसून ठेवू नका, तिच्या पाण्याशी एकदा घेऊन जा. आणि कोणी तुमच्यासाठी थांबले असेल, तर जरा लवकर जा. माझ्या पाठीवर मरळीच्या दातांच्या खुणा आहेत. रविवारी पवनकुमारचा ठरलेला फोन वाजला नाही, की सुनंदाबाई मला बाहेर काढतात आणि त्या खुणांवरून बोट फिरवत बसतात.