टाकीची चढण

बटणाला चार भोकं होती, आणि अंगठ्याचं टोक त्यांतल्या एकाही भोकात जात नव्हतं. तरी खिशातल्या खिशात मास्तरांचा अंगठा ती पुन्हा पुन्हा चाचपत होता. कोटाचं जाड काळं बटण, कडेला कपचा उडालेला, पाठीवर वाळलेल्या गोंदाचा खरखरीत थर. जुन्या गाडीत बायकोच्या बाजूच्या दारावर, काच खाली-वर करायच्या कळेला लागून ते इतकी वर्षं चिकटून होतं. तिनंच चिकटवलं होतं, डब्यातलं सर्वांत जाड बटण बोटांनी निवडून. गाडी देऊन टाकायच्या दिवशी मास्तरांनी ते नखानं उचकटून काढलं, आणि तेव्हा वाटलं होतं, चला, आठवलं हे बरं झालं, नव्या गाडीत लावू... पण नव्या गाडीच्या दारावर कळा अशा नव्हत्याच. सगळं एका गुळगुळीत पट्टीत बसवलेलं, बोट फिरवलं तर कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं ते डोळसालाही कळू नये. बटण लावायचं ते कशाच्या शेजारी?

ती जिना उतरली. कठडा, मग भिंत, मग भिंतीचा कोपरा, मग मोकळी चार पावलं — इथपर्यंत तिला कुणाची गरज नव्हती. मग हात पुढे आला आणि गाडीच्या अंगावरून फिरू लागला. नव्या गाडीची मूठ पत्र्यातच बसवलेली, वर आलेली नाही. हात तिच्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला... एखाद्या अनोळखी जनावराच्या पाठीवरून फिरावा तसा.

"थांब, मी उघडतो."

"उघडा," ती म्हणाली.

एवढंच. जुन्या गाडीचं दार उघडायला कुणी पुढे झालं, तर ती त्याच्या हातावर चापटी मारायची. "डोळे गेलेत माझे, हात जागेवर आहेत." जावयालासुद्धा मारली होती एकदा. आणि आता, उघडा.

मास्तर गाडीत बसले. समोरचा रुंद पडदा उजळला, त्यानं त्यांना शुभ सकाळ म्हटलं. गाडी आवाज न करता गल्लीतून बाहेर पडली. जुनीसुद्धा गल्लीत आवाज करत नसे. गल्ली संपेपर्यंत तीही बॅटरीवरच चालायची. पण ती गप्प बसायची ती कुणीतरी गप्प बसल्यासारखी. ही नुसतीच गप्प.

तिनं चपला काढल्या नव्हत्या.

काज करण्यात तिचा हात धरणारं बाजारपेठेत कुणी नव्हतं. मास्तर कापायचे, शिवायचे, आणि काजं-बटणं तिच्याकडे. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी. मग एकदा एका बाहीला काज अर्धं बोट सरकलं. ती म्हणाली, उजेड कमी झालाय. मास्तरांनी दिवा बदलला. पुढच्या वर्षी खिडकीतली कुंडी काढली. उजेड कमी झाला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की नजर कडेकडेनं मिटत जाईल, मधला थोडासा भाग शेवटपर्यंत राहील, मग तोही... घरी येताना ती म्हणाली, "म्हणजे काजच की हो. कुणीतरी बाहेरून टाके घालत आणलेत." आणि हसली. मास्तरांना हसता आलं नाही.

जुनी गाडी घेतली तेव्हा त्या काजातून थोडं दिसत होतं. मोरपंखी रंगाची गाडी. शोरूममध्ये तिनं डोकं हळूहळू फिरवत ती तुकड्यातुकड्यानं पाहिली होती, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, ताग्याचं कापड तपासावं तशी. त्यानंतर नवा म्हणून एकही रंग तिनं पाहिला नाही. आणि महिन्यापूर्वी सेल्समननं, मोरपंखी येत नाही आता काका, राखाडी आहे, लगेच मिळेल, असं म्हटल्यावर मास्तरांच्या मनात जे आलं होतं ते... ते त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तिला काय, दिसत तर नाही. असं आलं होतं मनात. आलं आणि गेलं. सही करून मोकळे झाले.

"राखाडी म्हणजे कसा हो?" घरी आल्यावर तिनं विचारलं होतं.

"कोटाच्या अस्तरासारखा."

"मग आपण कोटाच्या आत बसायचं म्हणा." थोड्या वेळानं, "उकडणार नाही ना?"

पुढे रस्ता सपाट होता. उजवीकडे कारखान्याची लांबच लांब भिंत, मग ती संपली की वळण, आणि मग टाकीची चढण. घर एका अंगाला, बाजारपेठ दुसऱ्या अंगाला, मध्ये ती टेकडी आणि तिच्या माथ्यावर पाण्याची उंच टाकी. जाताना चढा, येताना चढा. जुन्या गाडीचं पेट्रोलचं इंजिन इथे जागं व्हायचं. सपाटीवर बॅटरीनं चालत आलेली ती, चढणीला नाक लागलं की पोटातून घुर्र करायची, सगळ्या अंगाला एक बारीक कंप सुटायचा. मॉडेलचा दोषच होता तो, गॅरेजवाला म्हणायचा. तिनं मात्र तो कंप पहिल्या वर्षीच हेरला. गाडीत बसल्याबरोबर चपला काढायच्या, तळवे खाली टेकायचे. घुर्र झालं की, "टाकी आली!" माथा ओलांडून उताराला लागल्यावर चाकांतून बारीक शीळ यायची, उतरता उतरता बॅटरी भरून घेताना यायची ती — "उतार!" मग सगळं एकदम निपचित, "शाळेचा सिग्नल! कोण उभं आहे हो पुढे? रिक्षा? हळू घ्या." आणि सिग्नल सुटला की दारावर दोनदा टकटक करून, "पुढे चला, पुढे चला!"

"कंडक्टरीणबाई, तिकीट?"

"मास्तरांना पास आहे."

रोज. रोज तेच, आणि रोज दोघं हसायची. डोळे पुरते मिटल्यावर पहिले काही महिने ती घराबाहेर पडली नव्हती; मास्तरांनीही दुकान बंदच ठेवलं होतं. मुलगी यायची, जबरदस्तीनं उठवायची, ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजायची. तिला दुकानापर्यंत परत आणलं ते या रस्त्यानं. रस्ता तिला ठाऊक होता, कुणी न सांगता. बायकोला नेतोय असं मास्तरांना कधी वाटलंच नाही. उलट तीच नेतेय, आपण नुसते चाक धरून बसलोय...

मग बॅटरी थकली. गॅरेजवाला म्हणाला, काका, आता हिला सोडा. मुलगी म्हणाली, बाबा, आईची पाठ दुखते, नवी घ्या, सीट बघा किती मऊ. खरं होतं सगळं. पण कबूलच करायचं तर मास्तरांना स्वतःलाच ती हवी होती. शोरूममध्ये त्या रुंद पडद्यावरून बोट फिरवताना त्यांना मिशी फुटल्यासारखं झालं होतं. सेल्समननं चढावरून फिरवून आणलं आणि अभिमानानं म्हणाला, "काका, इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, तुम्हाला कळणारसुद्धा नाही!" खरोखरच कळलं नाही. मास्तरांना ते इतकं आवडलं की घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तिला सांगितलं — तसंच, त्याच शब्दांत. कळणारसुद्धा नाही!

ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"हो का?" ती म्हणाली. आणि हात पुन्हा चालू झाले.

अरे, माणूस इतकी वर्षं जिच्याशेजारी बसतो... मला तेव्हा ऐकू कसं नाही आलं? एवढं स्वच्छ म्हणाली होती ती. हो का.

पहिल्या दिवशी नव्या गाडीतून दुकानाशी उतरायची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं होतं, "टाकी गेली?" दुसऱ्या दिवशी काच उघडून बसली; नुसता वारा, धूळ आणि ट्रक, कान दुखला. तिसऱ्या दिवसापासून विचारणं बंद. हात मांडीवर, चपला पायांत. दवाखान्याच्या बाकावर बसतात तशी बसू लागली. नवी गाडी चढ चढायची ती तूप ओघळावं तशी. तक्रार करायची तरी काय? गाडीत काही बिघाड नव्हता. तोच तर...

वळण आलं. आणि मास्तरांनी गेल्या आठवड्यात शोधून काढलेली युक्ती पुन्हा केली. चढणीला लागताच पायाखालची पट्टी दाबली, गरजेपेक्षा बरीच जास्त. गाडी दचकली, इंजिन कोकलत उठलं.

"टाकी," ती म्हणाली.

"वा!" मास्तर म्हणाले. आपला आवाज त्यांना मुलांना शाबासकी देणाऱ्यासारखा वाटला.

तिनं मान त्यांच्याकडे वळवली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "अहो, उगाच ओरडायला लावू नका बिचारीला."

मास्तरांनी पाय उचलला. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून... आठवडाभर हिनं त्यांच्यासाठी 'टाकी' म्हटलं होतं, आणि त्यांना वाटत होतं आपण तिच्यासाठी... उतार आला, सिग्नल आला, सुटला. दारावर टकटक झाली नाही.

दुपारी कोटाचं माप घेऊन गिऱ्हाईक गेलं. ती मागच्या खोलीत बटणं वेगळी करत बसली होती. डब्यात बटणं पडल्याचा टिकटिक आवाज येत होता. मास्तर दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांनी शोरूमला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बॅटरी नवी घालता येईल, परत घेता येईल, होईल काहीतरी...

"बोला काका! गाडी कशी? मजेत?"

"मजेत. ती आमची जुनी... मोरपंखी. कुणाला दिलीत?"

"ती? ती कोण घेणार काका! ती तोडायला गेली. गेल्याच आठवड्यात." मग त्याचा आवाज जरा सावध झाला. "का? काही राहिलं होतं का गाडीत?"

समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढलं.

"हो," मास्तर म्हणाले. "नाही. नाही, काही नाही. तोडायला म्हणजे... तोडली?"

"तोडली असणारच की."

मास्तरांनी फोन ठेवला. आतली टिकटिक थांबली होती. किती वेळ थांबली होती कोण जाणे. मग पुन्हा सुरू झाली.

परतताना ऊन उतरत होतं. सिग्नल मागे पडला. टेकडीच्या या अंगाला रस्ता दुकानांमधून बराच सपाट जातो, लाकडाच्या वखारी, टायरची दुकानं, मग मोकळं मैदान, आणि मग कुठे चढण. मास्तरांच्या डोळ्यांसमोर रस्ता होता आणि दुसरंच काही होतं. पत्र्याचा ढीग, त्यात मोरपंखी रंगाचा एक तुकडा, दाराचा असेल, बटण जिथं होतं तिथं गोंदाचा गोल डाग...

वाकल्याचा आवाज झाला. त्यांनी बाजूला पाहिलं. ती चपला काढत होती. एक काढली, मग दुसरी, पायानंच बाजूला सारल्या, तळवे खाली टेकले.

"टाकी आली," ती म्हणाली.

टाकी आली नव्हती. वखारीसुद्धा संपल्या नव्हत्या. गाडी सपाट रस्त्यानं, कसलाही आवाज न करता, एका टेम्पोच्या मागून चालली होती. चुकलं तिचं? पायाखाली कुठलासा खड्डा लागला, त्याला ती टाकी समजली? की फोन ऐकला होता तिनं, दिवसभराचं त्यांचं गप्प बसणं ऐकलं होतं, आणि जुन्या कापडाचा तुकडा शोधून काढावा तसा कुठूनतरी शोधून त्यांच्या हातात ठेवला हा शब्द — घ्या, रडू नका... विचारता आलं असतं. अगं, टाकी कुठे, वखारीपाशी आहोत. एवढं साधं. पण मास्तरांचा पाय त्यांच्या आधीच खाली गेला होता. इंजिन कोकललं. गाडी पुढे झेपावली, टेम्पोवाल्यानं आरशातून रागानं पाहिलं.

"म्हटलं ना," ती म्हणाली, आणि दारावर, त्या गुळगुळीत पट्टीवर, बोटांनी दोनदा टकटक केलं. "पुढे चला, पुढे चला!"

महिन्याभरात ऐकलं नव्हतं. कसेबसे मास्तर म्हणाले, "बाई, तिकीट?"

"मास्तरांना पास आहे."

आणि मग मैदान संपलं आणि खरी चढण आली.

आता ती येऊन उपयोग नव्हता; तिच्यासाठी ती होऊन गेली होती. मास्तरांनी पायाचा भार काढून घेतला. रेशीम शिवताना मशीनच्या पट्टीवर पाय जसा ठेवावा लागतो, एका वेळी एकच टाका पडेल एवढाच, तसा ठेवला, श्वास रोखला. इंजिन उठता कामा नये. काटा हलता कामा नये. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग चिडून शेजारून निघून गेली. गाडी चढत होती, इतकी हळू आणि इतकी अलगद की कुणाला कळू नये. आणि आपण हे चोरून नेतो आहोत असं मास्तरांना वाटत होतं. टेकडी, टाकी, एवढा मोठा थोरला चढ, तिच्या पायांखालून काढून घेऊन एकट्यानं.

माथ्यावर टाकीची सावली आडवी पडली होती. ती काचेतून आत आली, तिच्या मांडीवरच्या हातांवर चढली, गळ्यावर, चेहऱ्यावर. तिच्या पापण्या हलल्या. कशानं हलल्या? चेहरा किंचित वर झाला, ओठ उघडल्यासारखे झाले... मास्तर पाहत राहिले. सांग. काहीतरी म्हण. नको, नको म्हणूस.

सावली कपाळावरून गेली. ती काही बोलली नाही. तळवे तसेच खाली टेकलेले होते, बोटं किंचित पसरून, घरच्या जमिनीवर टेकावीत तशी.

आता उतार. उताराचं ती म्हणेल की आपण म्हणायचं... कुठल्या उताराचं? तिच्या रस्त्यानं गाडी कधीच उतरून गल्लीच्या तोंडाशी पोचली असेल, किंवा, तिनं तो फोन ऐकला असेल तर, दोघं अजून दुकानाशीच उभी असतील. इथे, या माथ्यावर, मात्र मास्तर एकटे होते. समोर खाली गावाचे पहिले दिवे लागत होते. इतक्या वर्षांत हा रस्ता आपण एकट्यानं कधी पाहिलाच नव्हता, हे त्यांना आत्ता, चाकावरचे हात घट्ट होताना, कळत होतं.