तडजोड नको

बँकेतल्या कर्जाच्या साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने एका आकड्यावर टिचकी मारली.

"पाचशे चाळीस. क्रेडिट स्कोअर निदान सातशे तरी लागतो."

कवळीवालीने आकड्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या दातांकडे. सवयच ती. पंचवीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि कॅप घडवणाऱ्या बाईला माणूस आधी दातांतूनच दिसतो. साहेबांचा वरचा डावा सुळा नकली होता आणि कुणीतरी घाईत बसवलेला होता.

"मी कुणाचा पैसा कधी बुडवला नाही," ती म्हणाली.

"तुम्ही नाही. तुम्ही जामीन आहात." साहेबांनी खाली बोट नेलं. "कर्जदाराने हप्ते थकवले की जामीनदाराच्या नावालाही ते चिकटतं. हा शेरा वाचा. थकीत, वसुलीकडे वर्ग. हा आहे तोवर स्कोअर वर यायचा नाही, आणि भट्टीसाठी कर्जही मिळायचं नाही."

"किती निघत असतील?"

"इथे जुनाच आकडा आहे. वसुली कंपनीत जाऊन विचारा."

कर्जदार कोण, हे तिला वाचावं लागलं नाही.

धांदली आणि ती एकाच कारागिराच्या हाताखाली शिकल्या होत्या. धांदली हे नाव त्या कारागिरानेच ठेवलेलं, कारण तिला कुठलंही काम कालच हवं असायचं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात करून भरतं, असं ती म्हणायची आणि स्वतःच आधी हसायची. पुढे तिने स्वतःचं दुकान थाटायचं ठरवलं तेव्हा कवळीवालीने कागदावर सही केली. नवऱ्याने बजावलं होतं, जामीन राहणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाने पळणं. तिने ऐकलं नाही. दीड वर्षात दुकान बसलं, आणि एका सकाळी शटरला कुलूप दिसलं. धांदली एका शब्दाने काही न सांगता गाव सोडून गेली होती.

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मैत्रीण सापडत नाही, तुम्ही भरा. जेवताना फोन, कामात फोन, एकदा तर दवाखान्याच्या दारात माणूस उभा. चारचौघांत अब्रू गेली. कवळीवालीने नंबर बदलला, भाड्याचा गाळा सोडला आणि काम घराच्या मागच्या खोलीत आणलं. त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. अजूनही दारावर अनोळखी थाप पडली की तिच्या हातातला मेणाचा दात निसटायचा.

संध्याकाळी तिने बँकेत काय झालं ते सांगितलं. नवरा शाळेची बस चालवायचा. तो किल्ली खुंटीला लावत होता. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे वाक्य आता येणार म्हणून तिने मान खाली घातली. पण कपाट उघडून त्याने मुदत ठेवीची पावती काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ही तर म्हातारपणासाठी ठेवलीय," ती म्हणाली.

"भट्टी नसली तर म्हातारपण उद्यापासूनच सुरू होईल," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

खोटं नव्हतं ते. कॅप भाजायची जुनी भट्टी बंद पडल्यापासून ते काम थांबलं होतं आणि दोन डॉक्टरांनी महिनाअखेरची मुदत दिली होती.

वसुली कंपनीचं ऑफिस टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. कवळीवाली प्रत्येक मजल्यावर थांबली. दम लागला नव्हता. आकडा ऐकायला धीर होत नव्हता. व्याजासकट दुप्पट झाला असेल, तिप्पटही. पर्समधली पावती तिने दोनदा चाचपली.

काउंटरमागे एक कारकून बाई गालाला रुमाल लावून बसल्या होत्या. कवळीवालीने बँकेने दिलेला कागद पुढे केला आणि न राहवून विचारलं, "अक्कलदाढ?"

"चार दिवस झाले," बाई कण्हल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"सूज कुठे आहे त्यावरून. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा, पण आज दाखवाच."

बाईंनी मान डोलावून खातं शोधायला घेतलं. बराच वेळ की-बोर्डचाच आवाज येत राहिला.

"हे खातं बंद आहे."

कवळीवाली काउंटरवर पुढे झुकली. "बंद म्हणजे? कोर्टात गेलं?"

"अहो, बंद म्हणजे फिटलं. तीन वर्षं झाली. बाकी शून्य."

"कुणी फेडलं?"

"ज्यांनी घेतलं त्यांनीच. आम्ही तुम्हालाही कळवायला गेलो होतो. फोन लागला नाही, पत्र परत आलं." बाई जरा ओशाळल्या. "बँकांना जो रिपोर्ट जातो, तिथे कळवायचं मात्र आमच्याकडूनच राहिलंय. मधे कंपनी दुसऱ्यांनी घेतली, त्या गडबडीत. तुम्ही तक्रार अर्ज भरा, मी बाकी नसल्याचं पत्र देते. महिन्याभरात शेरा निघेल. स्कोअर काही उडी मारून चढत नाही, पण हे पत्र बघून बँक तुमचा विचार करेल."

कवळीवालीला खुर्ची कुठे आहे ते दिसेना. सापडली तशी ती बसली. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात, ते तिला अंगात जाणवलं. आधी खांदे सैल पडले, मग जबडा. हा जबडा आपण सात वर्षं आवळून धरला होता हे तिला आत्ता कळलं. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

बाईंनी स्वतःचा पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"त्या बाई माझ्या लक्षात आहेत. वर्षभराने स्वतःच गावात परतल्या, महामार्गावरच्या कारखान्यात पॅकिंगला जायच्या. दर महिन्याला पहिल्या आठवड्यात हजर. आमच्या साहेबांनी एकदा सांगितलं त्यांना, निम्मे भरा, आम्ही तडजोड करून खातं मिटवतो. सगळे उडी मारतात अशा वेळी. या नको म्हणाल्या."

"का?"

"तडजोड केली की रिपोर्टवर तसं लिहून येतं आणि ते वर्षानुवर्षं राहतं. कर्जदाराच्याही नावावर आणि जामीनदाराच्याही. त्यांनी विचारलं, पूर्ण भरलं तर दोघींचं नाव साफ होईल का? साहेब म्हणाले, होईल. मग पूर्णच भरते, म्हणाल्या. आणखी दोन वर्षं लागली त्यांना."

कवळीवालीने ग्लास उचलला, पण पाणी प्यायली नाही.

"दातांचं काम का नाही केलं तिने?" तिने हळूच विचारलं. "हात चांगला होता तिचा."

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, हात चालतो, पण गावातला एकही डॉक्टर काम देत नाही. कारण काय ते नाही सांगितलं."

कारण कवळीवालीला ठाऊक होतं. सहा दवाखाने होते, आणि सहाही ठिकाणी ती स्वतः बोलली होती. तिने बुडवलं मला, सांभाळून राहा. कुणी विचारलं तर सांगितलं होतं आणि कुणी नाही विचारलं तरीही.

पत्रावर शिक्का बसला. कवळीवालीने अर्ज भरला, मग एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून बाईंच्या हातात दिला.

"तिचा नंबर तुम्ही मला देणार नाही, ते बरोबरच आहे. पण हा तिला पोचवाल?"

"आजच फोन करते," बाई म्हणाल्या. "दाढ दाखवून आले की."

खाली उतरल्यावर तिने घड्याळ पाहिलं. बँक बंद व्हायला तासभर होता आणि बँक डाव्या हाताला होती. ती उजवीकडे वळली.

सहातल्या पहिल्या दवाखान्यात थोरले डॉक्टर नुकतेच हात धुऊन बाहेर आले होते. तिने पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"हे मला कशाला?" चष्मा लावत त्यांनी विचारलं.

"वाचा. धांदलीबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं होतं, ते चूक होतं. तिने पै न् पै भरलीय. चूक माझी."

डॉक्टरांनी पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. "दोन कवळ्या करायच्यात," ते म्हणाले. "तुम्हालाच देणार होतो."

"तिला द्या."

"पण तिच्याकडे आता जागा आहे का, सामान आहे का?"

"माझं टेबल लांबलचक आहे. दोघी बसू."

"ती येईल?"

"अजून विचारायचंय," कवळीवाली म्हणाली.

डॉक्टरांनी प्लास्टरचे दोन साचे कागदात गुंडाळून दिले. तिने ते पिशवीत नीट आडवे ठेवले, पत्राची घडी घातली आणि पुढचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारलं.