वाळूचे बूट आणि मिटलेले दार

माणसाच्या पायांत काय आहे, ते पाहून तुम्ही कधी त्याची किंमत केली आहे का? केली असेल, तर जरा थांबून ऐका. मी चालण्याच्या बुटांची एक जुनी जोडी बोलते आहे.

मला शिवणारा मोची कामाला बसताना देवाचे नाव घेई आणि तळव्याला दुहेरी टाका घाली. या दोन्ही गोष्टी मला जन्मभर पुरल्या.

मला विकत घेतले एका सुईणीने. हाक येईल तेव्हा ती समुद्रकाठच्या वस्त्यांत चालत जाई. घरी परतली की आधी मला पुसायची, मग स्वतः पाणी प्यायची. अशी मालकीण सर्वांच्या नशिबी नसते.

तिच्या धाकट्या भावाची मुलगी आईविना वाढली, ती हिच्याच हाताखाली. दोघी किनाऱ्याने चालत आणि आत्या म्हणे, "लाटेच्या वर आवाज काढ गं, बाकी देव बघेल." पोरीने तो काढला. पुढे ती शहरातल्या ऑपेरात गायिका झाली. तिथे माणसे भांडतात तीही गाऊन. पहिल्या रात्रीची दोन तिकिटे तिने पाठवली, एक वडिलांना, एक आत्याला.

आत्या म्हणाली, "ज्या वाटेवर ती शिकली, त्याच वाटेने मी ऐकायला जाणार."

सकाळी बहीणभाऊ निघाले. खडक, ओली वाळू, घोट्यापर्यंत पाणी. मी सारे सोसले, आनंदाने सोसले. तिच्या चांगल्या चपलांची पिशवी भावाकडे होती. एका चढणीवर, ओझे नको म्हणून, त्याने ती हळूच कातळामागे ठेवली आणि हात हलवत पुढे निघाला.

संध्याकाळी नाट्यगृहाच्या पायऱ्यांशी बहिणीने हात पुढे केला. "चपला दे रे."

"राहिल्या वाटतं चढणीवर."

"राहिल्या, की ठेवल्यास?"

त्याने नजर फिरवली. भोवती मखमली झगे, आरशासारखे बूट. मग म्हणाला, "ताई, तू हो पुढे. मी मागून येतो. आपण एकत्र आलो असं दिसायला नको."

"एकच गाणं आहे तिचं, धाकट्या. पहिल्याच अंकात. मग खेळात ती मरते."

"एवढी काय घाई तिला मरायची! येतो म्हटलं ना."

दारावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी शरमले. तो म्हणाला, "या आजी. वाळू सांडली तर झाडू आहे आमच्याकडे."

घंटा झाली, वाद्ये सुरू झाली आणि दार मिटले. अंक संपेपर्यंत ते कोणासाठीही उघडत नाही, असा तिथला नियम.

पोरगी गायली. माझ्या आत म्हातारीची बोटे आवळली गेली. "लाटेच्या वर," ती पुटपुटली. माझ्यासारख्या चामड्यालाही देवाने ते ऐकू दिले!

आज माझा तळवा झिजला आहे. मी तिच्या खाटेखाली विसावले आहे, आणि ती अजून मला पुसते. मागणे काहीच उरले नाही. फक्त त्या भावाचे काय झाले, ते सांगून थांबते.

खेळ संपल्यावर मुलगी धावत बाहेर आली. आत्याच्या गळ्यात पडली आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, गेला ना आवाज लाटेच्या वर?"

मिटलेल्या दाराबाहेरून त्याने फक्त टाळ्या ऐकल्या होत्या. त्याने मान खाली घातली. खाली मी होते.