आत्याला एकही पुस्तक आवडेना

नवरा स्वयंपाक शिकतो ते पुस्तक: बोअर.

ऑफिसातल्या बदल्यांवरचं: त्याहून बोअर.

प्रवासात सामान हरवतं ते: सामानाबरोबर लेखकही हरवला असता तर बरं झालं असतं.

ही आत्याची मतं. भाचीनं ती निमूट ऐकून घेतली होती, कारण पुस्तकं तिनंच निवडून आत्याला घरी वाचायला नेऊन दिली होती. भाची दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. नवी कवळी बसली की डॉक्टर माणसाला एखादं पान मोठ्यानं वाचायला लावत. त्यानं उच्चार कळायचे. खरी कसोटी मात्र हसण्याची. पाहुण्यांना दाखवायचं हसू इथे चालत नाही, पोट धरून हसायचं, असं डॉक्टर बजावत. म्हणून बाहेरच्या खोलीत फळीभर विनोदी पुस्तकं होती. कुणी ना कुणी कुठल्या ना कुठल्या पानावर फुटायचंच.

आत्या फुटत नव्हती.

आणि त्यावर सगळं अडलं होतं. दर वर्षी आत्या तिच्या तीन मैत्रिणींबरोबर सहलीला जायची. गेल्या खेपेला गप्पा रंगात आल्या, आत्या खदखदून हसली आणि वरची कवळी निसटून थेट समोरचीच्या चहात. मैत्रिणी हसून मोकळ्या झाल्या. आत्या झाली नाही. तेव्हापासून ती फोन टाळायची, दारावर आलेल्याशी तोंडावर हात ठेवून बोलायची. नवी कवळी करून घेतली, तरी तिच्यावर भरवसा बसेना. यंदा येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि सकाळीच तिनं सांगून टाकलं होतं की गुडघे दुखतात.

गुडघे ठणठणीत होते.

चौथं पुस्तक. भाडेकरू आणि घरमालक. आत्यानं विजेचं बिल वाचावं तसं अख्खं पान वाचून दाखवलं. ओठ जेमतेम हलले. तिनं जन्मभर शिवणाचे क्लास घेतले होते. ओठांत टाचण्या धरून बोलायची इतकी सवय की तोंड न उघडता ती कुणालाही फैलावर घेऊ शकायची.

“हसायचं कुठे, ते सांग ना गं,” ती भाचीला म्हणाली. “खूण-बिण केलीय का कुठे?”

भाचीचं तोंड एवढंसं झालं. कवळी एका कडेला टोचत होती, ती घासायला डॉक्टर आत घेऊन गेले. भाचीही मागोमाग गेली. तुमच्या आत्याबाईंना विनोदाचं वावडं दिसतंय, असं ते यंत्राच्या आवाजातून म्हणाले. भाचीला ते झोंबलं. लहानपणी जेवताना याच आत्यानं तिला इतकं हसवलं होतं की पाणी नाकातून आलं होतं.

घासलेली कवळी वाटीत घेऊन ती परत निघाली आणि पडद्यापाशी थबकली.

आत्या एकटीच. तोंडाचं बोळकं. मांडीवर तेच पुस्तक. खांदे गदगदा हलताहेत.

रडतेय?

मग आवाज आला. फुसफुस, मध्येच श्वास अडकलेला, मध्येच कोंबडीसारखा. आत्यानं डोळे पुसले, पान मागे उलटलं आणि तोच मजकूर पुन्हा वाचून पुन्हा हसली.

म्हणजे पुस्तकं बोअर नव्हती.

म्हणजे कवळी तोंडात नसली की पडायची भीती नाही.

म्हणजे इतके दिवस ही बाई प्रत्येक विनोद दातांखाली दाबून…

भाची पडदा सारून पुढे आली. काही पाहिलं असं दाखवलं नाही. आत्यानं घाईघाईनं चेहरा सरळ केला, कवळी बसवली, ओठ मिटले. भाचीनं पुस्तक उचललं आणि थेट आत्याच्याच बिलाच्या सुरात वाचायला लागली: भाडेकरूनं पंखा दोनच्या वर फिरवायचा नाही, असा घरमालकाचा नियम, आणि रोज दुपारी घरमालक स्वतः त्या पंख्याखाली येऊन बसायचा आणि म्हणायचा, काय हो, पाचवर करा की, उकडतंय.

आत्याच्या नाकपुड्या थरथरल्या. हात झटकन तोंडाकडे गेला. भाचीनं तो मधेच धरला.

“हात खाली. पडली तर मी झेलते.”

आणि पुस्तक बाजूला टाकून तिनं खरंच दुसऱ्या हाताचा द्रोण करून हनुवटीखाली धरला, गळक्या छताखाली भांडं ठेवावं तसा.

ते बघून आत्या फुटली. मान मागे, तोंड सताड उघडं, खुर्ची करकरतेय. डॉक्टर धावत आले आणि दारातच उभे राहिले.

द्रोण रिकामाच राहिला.

आत्यानं जीभ फिरवून पाहिली. वर. खाली. जागच्या जागी. मग धरणाचं दार उघडावं तशी खरी मतं बाहेर पडली. बदल्यांचं पुस्तक झकास होतं, त्यातल्या शिपायासाठी तिला रात्री उशी चावावी लागली होती. नवऱ्याचंही बरं होतं, फक्त शेवटी तो शहाणा होतो तिथे मजा गेली. विनोदी पुस्तकात कुणी सुधारू नये. सामान हरवतं ते मात्र खरंच भिकार, त्यावर ती ठाम होती.

“हे नुसतं आवडलं नाही म्हणून,” ती म्हणाली. “ते बाकीचं… घाबरले होते गं.”

भाचीनं मान डोलावली. ती स्टुलावर टेकली.

आत्यानं पर्समधून फोन काढला. पलीकडे मैत्रीण. येतेय, एवढं आत्यानं सांगितलं, आणि लगेच पंख्याची गोष्ट सुरू केली. घरमालक पंख्याखाली येऊन बसला तिथपर्यंतच पोचली. पुढे बोलवेना. ती हसत राहिली, आणि पलीकडची, जिला अजून काहीच कळलं नव्हतं, तीही हसायला लागली.